डोंगराला भाषेचं श्रेय कशाला?

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण आपल्याकडे सिद्धान्तासारखी फेकली जाते. पाठोपाठ उपसिद्धान्तही येतात: देशावर काळा कातळ, म्हणून तिथली बोली रांगडी, कोकणात दमट हवा, म्हणून तिथली बोली नाकातली. ही खोड एकट्या मराठी माणसाची नाही. दक्षिणेकडच्या उबदार मुलखात भाषा भावनेतून जन्मली आणि उत्तरेच्या थंडीत गरजेतून, असं तत्त्वज्ञ रूसोने भाषांच्या उगमावरच्या निबंधात मांडलं होतं. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७८१ मध्ये छापला गेला. तेव्हापासून आजवर वेगळा उच्चार कानावर पडला की आपण आभाळाकडे बोट दाखवतो.

आधी कोकणच घेऊ. नाकातले उच्चार खाऱ्या वाऱ्याने आले असते, तर किनाऱ्यावरच्या सगळ्यांची बोली सारखीच असायला हवी होती. प्रत्यक्षात रत्नागिरीकडे चित्पावनाच्या घरात चित्पावनी आणि पलीकडच्या वाडीत संगमेश्वरी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पाऊस तोच, भात तोच (मासळी तेवढी एकाच घरी). वाऱ्याने जात विचारून उच्चार वाटले काय? शिवाय हे सानुनासिक उच्चार कोकणची पैदास नव्हेतच. जुन्या मराठीत ते सर्रास होते. म्हणून तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपर्यंत आपण उच्चारात नसलेले अनुस्वारही अक्षरांच्या डोक्यावर देत होतो. घाटावर जे झिजलं ते कोकणात टिकलं, एवढाच हिशेब.

डोंगर भाषा तोडतात, हे मत जास्त भारदस्त वाटतं. पण नॉर्वे आणि आइसलँड शेजारी ठेवून पाहा. अकराशे वर्षांपूर्वी दोन्हीकडे जवळपास एकच भाषा होती. दोन्हीकडे डोंगर, हिमनद्या आणि जीवघेणा हिवाळा. नॉर्वेत खोरं बदललं की बोली बदलते. आइसलँडमध्ये बोलीभेद नावालाच आहेत. तिथे ९३० पासून उन्हाळ्यात देशभरचे लोक आल्थिंग सभेसाठी एका जागी जमत आणि कायदा तोंडपाठ म्हणून दाखवला जाई. डोंगर होते तिथेच होते. लोक ते ओलांडून भेटत राहिले.

विरोधी पक्षाचा हुकमी एक्का म्हणजे पापुआ न्यू गिनी. त्या देशात आठशेहून अधिक भाषा आहेत आणि कारण म्हणून हमखास डोंगर पुढे केले जातात. मग सेपिक नदीच्या सखल, दलदलीच्या खोऱ्यात भाषांची एवढी दाटी का? तिथल्या माणसाला शेजाऱ्याची भाषा येत नाही असंही नाही. अनेकांना ती चांगली येते. तरी आपली वेगळी राखणं हा मानाचा मामला असतो. याच देशात सेलेपेत भाषा बोलणाऱ्या एका गावाने चक्क बैठक बोलावून ‘नाही’ या अर्थाचा आपला शब्द बदलला, कारण शेजारच्या गावांहून वेगळं दिसायचं होतं. ठराव माणसांनी केला, डोंगराने नव्हे.

आता आपल्या अंगणातला पुरावा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका गावावर लेख प्रसिद्ध केला. लेखात गावाचं नाव कुपवार. वस्ती तीनेक हजारांची आणि भाषा चार: जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांकडे उर्दू, दलित आणि भूमिहीनांकडे मराठी, दोरखंड वळणाऱ्यांकडे तेलुगू. बारा कोस सोडा, बारा पावलांवर भाषा बदलत होती. हा शेजार शतकांचा असूनही कुणी आपली घरची भाषा टाकली नव्हती, कारण लग्न, सोयरीक, देवघर सगळं आपापल्यात. चव्हाट्यावरचा व्यवहार मात्र बहुतेक मराठीत. गावात वजन असलेल्या जैन-मुसलमानांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नसल्यामुळे तिच्यात कुणाचा कमीपणा नव्हता.

खरी गंमत व्याकरणात झाली. शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा एकमेकांसारखा होत गेला. कन्नडमध्ये बाईमाणूस स्त्रीलिंगी, बाप्या पुल्लिंगी आणि बाकी सगळं नपुंसक. या गावच्या मराठीनेही तोच कायदा घेतला. भिंत, नदी यांचं स्त्रीलिंग गेलं. उर्दूला नपुंसकलिंगच नाही, तर तिथे नदी पुल्लिंगी क्रियापद लावून वाहू लागली. म्हणजे चूल वेगळी म्हणून शब्द वेगळे आणि बाजार एक म्हणून व्याकरण एक. काळ्या मातीचा यात संबंध आला तो इतकाच, की सगळ्यांच्या पायाखाली तीच होती.

भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी या गावाचा पुन्हा अभ्यास करून जुनी मांडणी चिकित्सकपणे तपासली. मधल्या काळात भाषावार राज्यं स्थिरावली होती. शाळा मराठी, कचेरी मराठी, त्यामुळे मराठीचं पारडं जड झालं होतं. बदल झाला तो राज्याच्या सीमेने आणि शाळेच्या फळ्याने. जमीन जिथल्या तिथेच होती.

मग भूगोलाला काहीच वाटा नाही? आहे, पण तो पोटाच्या वाटेने येतो. भाषावैविध्याचे अभ्यासक डॅनियल नेटल यांनी पश्चिम आफ्रिकेत दाखवलं, की जिथे वर्षातले जास्त महिने पीक येतं तिथे भाषिक गट लहान असतात. ज्याचं आपल्या शिवारात भागतं, त्याला दूरच्यांशी नातं जोडावं लागत नाही. दुष्काळी मुलखात ते जोडावंच लागतं आणि त्याबरोबर भाषाही पसरते. पाऊस मुभा देतो. ती घ्यायची की नाही, हे गावाने ठरवायचं. सेलेपेत भाषेच्या त्या गावाने ठरवलं तसं.

कुणी कॅनरी बेटांमधल्या ला गोमेराची शिट्टीची भाषा काढेल. तिथल्या खोल घळींमुळे माणसं कोसभर लांबच्याशी शिट्टीतून स्पॅनिश बोलतात, हे खरं. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलिफोन आले, रस्ते झाले, तरुण पोटापाण्यासाठी परदेशी गेले आणि शिट्टी जवळजवळ थांबली. तेव्हा घळी काही बुजल्या नव्हत्या. अखेर १९९९ मध्ये बेटावरच्या शाळांत ती सक्तीचा विषय झाली, २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आली, आणि आता तिथली पोरं ती वर्गातल्या बाकावर बसून शिकतात.