नकाशावरील रंग आणि जमिनीचा हक्क

संगणकावर काढलेला नकाशा पडद्यावर जितका सुबक दिसतो तितकाच तो कागदावर वाचता येईल असे नाही, ही गोष्ट शेतकरी बांधवांच्या नजरेस आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आम्ही वर्सोव्यास राहतो. येथे खाडी, तिवरांचे रान, कोळीवाडा आणि नव्या इमारती एकमेकांस खेटून आहेत. सागरकिनारा नियमनाची अधिसूचना प्रथम १९९१ साली निघाली. पुढे २०११ व २०१९ साली ती नव्याने निघाली. तदन्वये किनाऱ्याचे नकाशे १:२५,००० या प्रमाणावर आणि सर्व्हे नंबरांसह १:४,००० या प्रमाणावर करावयाचे असतात. मध्यंतरी एका आप्ताच्या खाजण जमिनीकरिता किनाऱ्याच्या एका नकाशाची प्रत आम्ही काळ्या शाईत छापून आणली. हिरवा व तांबडा हे दोन्ही पट्टे एकाच करड्या रंगाचे झाले, आणि ज्या सर्व्हे नंबराकरिता खटाटोप केला तोच रंगाखाली बुडाला! जमीन निर्बंधात की बाहेर, हे कळेना. आणि हरकतीची मुदत तर कोणासाठी थांबत नाही.

याचे कारण उघड आहे. पडदा प्रकाशाने रंग दाखवितो, कागद शाईने. म्हणून छापताना रंग गडद होतो. शिवाय सारख्या उजेडाचे दोन रंग काळ्या शाईत एकच होतात. तिवरांभोवतीचा ५० मीटरांचा राखीव पट्टा १:२५,००० च्या नकाशावर अवघा २ मिलिमीटर भरतो. तेथे दाट रंग ओतल्यास हद्द उरेल कोठे?

महसुली कचेरीतील आमच्या नोकरीत जुन्या दप्तरातील हाताने रंगविलेले नकाशे आम्ही पुष्कळ हाताळले. रंग पाण्यासारखा पातळ करून असा फिरविलेला असे की खालची रेघ व आकडा स्वच्छ वाचावा. संगणकात हेच काम पारदर्शकतेचा आकडा वाढविल्याने साधते. त्याहून उत्तम उपाय म्हणजे सपाट रंगाऐवजी तिरप्या रेघा, ठिपके व जाळी अशा वेगवेगळ्या खुणा वापराव्या. हद्दीची रेघ व सर्व्हे नंबर सर्वांत वर ठेवावे. आणि नंबराभोवती पांढरी किनार सोडावी. मग एक प्रत काळ्या शाईत छापून पाहावी. ती वाचता आली तरच नकाशा प्रसिद्ध करावा.

कोणी म्हणतील, पडद्यावर मोठा करून पाहावा, कागद हवा कशास? त्यांस आमचे उत्तर असे की, ग्रामसभेत पसरला जातो तो कागद, हरकतीच्या अर्जास जोडला जातो तो कागद आणि वकिलाच्या हाती दिला जातो तोही कागदच.

यास्तव ज्या ज्या गावी भूसंपादनाचा, कालव्याचा वा किनाऱ्याचा नकाशा लागेल, तेथील शेतकऱ्यांनी प्रथम त्याची काळी प्रत मागावी. आपला नंबर वाचता न आल्यास तसे मुदतीच्या आत लेखी कळवून पोच घ्यावी. जो नकाशा धन्यास आपली जमीन दाखवीत नाही, त्यावर त्याची संमती गृहीत धरणे न्यायाचे नव्हे.