ऐपतीचा दाखला

जामीन म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सवलत, असे मानणारे आपल्या समाजातही कमी नाहीत. त्यांना आमचा एकच सवाल आहे. ज्याचा गुन्हा अजून शाबीत झाला नाही, तो शिक्षा कशाची भोगतो आहे? बहुतेक वेळा गरिबीची!

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. शंभरातली पंचाहत्तर कच्चे कैदी. २०११च्या जनगणनेत आम्ही १४.२ टक्के, कच्च्या कैद्यांत मात्र सुमारे पाचवा हिस्सा. पोलिसांच्या पूर्वग्रहाविषयी आम्ही बोलतो आणि बोलायलाच हवे. पण जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो, त्याचे काय?

कोर्ट म्हणते, जामीनदार आणा. त्याचे रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणा. भिवंडीत एका खोलीत दहाजणांसोबत राहणाऱ्या परप्रांतीय माग कामगाराने हे आणायचे कुठून? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याकडे मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले. त्याला जमाना लोटला. दाखल्याचा हट्ट सुटला नाही.

आता कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४पासून पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी शाबीत झाली आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. जन्मठेप वा फाशीचा गुन्हा नसेल, दुसरा खटला नसेल, तर पहिल्यांदाच सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचे आहे. गरीब कैद्याच्या जामिनासाठी मदतीची केंद्राची योजना २०२३पासून आहे. हे सारे आमच्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे?

माणूस आत गेला म्हणून माग थांबत नाही, त्यावर दुसरा उभा राहतो. थांबते ते घर. पोरगा शाळा सोडून गॅरेजात जातो, बायको तारखेच्या भाड्यासाठी उसने काढते. वर्षाने तो निर्दोष सुटला, तरी शेठ म्हणतो, ‘आत जाऊन आलेला नको.’ हा शेठ पुष्कळदा आपलाच असतो, पहिल्या सफेत नमाज पढणारा! हात कसबी, वय कामाचे, आणि काम नाही. असे शंभर हात रिकामे झाले की वस्तीची कमाई, पत आणि शांतता तिन्ही जातात.

म्हणून सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे : किरकोळ गुन्ह्यांत जातमुचलका हाच नियम करा. समाजाकडेही मागणी आहे. जकातीच्या आठ मदांत मान सोडवण्याची एक मद आहे. कच्चा कैदी तिच्यात बसतो की नाही, हे उलेमांनी सांगावे. जलशांच्या मंडपावर खर्च करणाऱ्या जमातींनी एक वकील नेमावा, आणि ज्यांच्यापाशी ऐपत आहे त्यांनी जामीनदार म्हणून उभे राहावे. तिथे नाव विचारू नये. शेजारच्या बराकीतला दलित, आदिवासी, पारधी त्याच दाखल्यावाचून अडकला आहे.

ऐपतीचा दाखला आजवर गरिबाने दिला. आता तो समाजाने द्यायचा आहे.