कोलंबो, कॅश आणि पौर्णिमा

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मुंबईहून पुण्याला निघालात, तर किती वाजता पोचाल हे एक्स्प्रेसवेवरचा टोलवालाही सांगू शकत नाही. मुंबई-कोलंबो फ्लाइट मात्र साधारण अडीच तासांची! ईटीए नावाचं परवानगीपत्र घरबसल्या ऑनलाइन काढता येतं (सरकारी साइटवरूनच काढा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या भलत्याच साइट्स खिसा कापतात). घड्याळाचा काटासुद्धा हलवावा लागत नाही, कारण २००६ पासून तिथली आणि आपली वेळ एकच. थोडक्यात, शुक्रवारी रात्री निघा, रविवारी रात्री परत या आणि सोमवारी सकाळी बॉससमोर टॅन मिरवा. कागदावर एकदम झकास.

आमच्या बाबतीत हा कागद म्हणजे एक एक्सेल शीट होती. बनवणारी अर्थातच मॅडम. मॅडम म्हणजे माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण, हिंजवडीत आयटी कंपनीत टीम लीड. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे लेख छापून आला की त्याचे पैसे कधी येतील या विषयावर कविता करणारी. तिच्या 'पॅकेज'मध्ये आणि माझ्या 'मानधना'त केवढं अंतर आहे हे आम्ही दोघी जाणतो आणि त्यावर कधीच बोलत नाही. बोलायची वेळच येत नाही. बिल आलं की मॅडम ते स्वतःकडे ओढते आणि म्हणते, "राहू दे गं, मी देते." मग मी मेन्यूच्या उजव्या बाजूने वाचायला शिकले. डावीकडे पदार्थ, उजवीकडे किंमत. मला फारशी भूक नसते, ती ही अशी.

या ट्रिपला मात्र मी आधीच सांगून टाकलं होतं, निम्मे माझे. दोन-तीन महिने थोडं-थोडं बाजूला टाकून दोनशे डॉलर घेतले आणि पाकिटात ठेवले. मॅडम हसली. "डिसेंबर २०२४ चालू आहे, बये! कॅश कोण घेऊन जातं? कार्ड आहे, यूपीआय आहे." तिचं म्हणणं खरंही होतं. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआय सुरू झालंय. माझ्याकडे क्रेडिट कार्डच नाही. फ्रीलान्सरला बँक कार्ड देताना असं बघते, जसं काही आपण तिच्या मुलीला मागणी घालायला आलोय.

फ्लाइट चार तास लेट झाली. ते जाऊ दे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहाटे कातुनायकेच्या विमानतळावर उतरलो आणि मॅडम ऐटीत एटीएमकडे गेली. डिक्लाइन्ड. दुसरं कार्ड, डिक्लाइन्ड. तिसरं, तेच.

यामागचं कारण तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून जरा नीट सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त भारतातच चालतं. परदेशी वापर आपण स्वतः चालू करायचा असतो, अ‍ॅपमधून म्हणा किंवा नेटबँकिंगमधून. कार्ड चोरांपासून वाचावं म्हणून केलेली चांगली सोय आहे ही. एका मिनिटाचं काम. पण त्या मिनिटाला ओटीपी लागतो, आणि ओटीपी येतो मोबाइलवर. मॅडमचं सिम कंपनीचं. त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करायचं तर अ‍ॅडमिन डिपार्टमेंटला मेल. अ‍ॅडमिन डिपार्टमेंटला शनिवार-रविवार सुट्टी! विमानतळाच्या वायफायवरून तिने मेल टाकला आणि सेकंदात उत्तर आलं... 'आउट ऑफ ऑफिस'. यूपीआयचीही तीच गत. परदेशासाठी ते वेगळं चालू करावं लागतं, आणि सिमला नेटवर्कच नाही. वायफायवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला, तर पलीकडचा आवाज म्हणाला, कृपया रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करा.

तीन कार्डं, एक टीम लीड आणि हातात शून्य रुपये. मी शांतपणे पाकीट काढलं. दोनशे डॉलरचे साधारण अठ्ठावन्न हजार श्रीलंकन रुपये आले. गड्डी बघून क्षणभर वाटलं, आपण गडगंज झालो. मग गॉलच्या गेस्टहाउसचे वीस हजार (हेही तिकडेच द्यायचे होते) आणि टॅक्सीचे पाच वजा केले आणि जमिनीवर आले.

कोलंबोचं मुख्य स्टेशन म्हणजे फोर्ट. सिंहलीत कोटुवा. आपल्या मुंबईतल्या फोर्टलाही जुनी मंडळी 'कोट' म्हणायची, त्यामुळे मला तिथे उगीचच माहेरी आल्यासारखं झालं. सिंहली ही मराठीची लांबची बहीणच. एक, दोन, तीन म्हणजे एक, देक, तुन. धन्यवाद म्हणजे इस्तुती. कुणी काही दिलं की त्याची स्तुती करायची, केवढं छान!

स्टेशनवर मात्र तुडुंब गर्दी, त्यात निम्मी माणसं पांढऱ्या कपड्यांत. मॅडमने एका बाईंना विचारलं, आज काही आहे का? बाई म्हणाल्या, "पोया."

पोया म्हणजे पौर्णिमा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, वर्षातून बारा-तेरा वेळा. लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात, आणि त्या दिवशी दारूविक्री पूर्ण बंद. ही डिसेंबरची उंदुवप पोया. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत आली, तिची आठवण म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी दत्तजयंती होती. मॅडमच्या एक्सेल शीटमध्ये मात्र शनिवार संध्याकाळ सहा ते सातच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सनसेट बिअर, गॉल फोर्ट'. पंचांगाचा कॉलम तिथे नव्हता.

तिकीट स्वस्त, आपल्या दोनशे रुपयांच्या आतलं, पण बिनरिझर्व्हेशनचं. इथे माझं शिक्षण कामी आलं. मास कम्युनिकेशनचं नव्हे, सेंट्रल रेल्वेचं. गाडी थांबायच्या आत कोणता डबा कुठे येणार याचा अंदाज, बॅग छातीशी, आणि चढल्यावर तीन जणींच्या सीटवर गोड हसून 'थोडं सरकता का'. चौथी सीट ही संकल्पना तिकडे नाही, पण समजते लगेच. मॅडमला मी दारात उभं केलं. वेल्लवत्तेनंतर रूळ थेट समुद्राच्या काठाकाठाने जातात. म्हणजे मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून लोकल चालल्यासारखं. लाटेचे शिंतोडे, नारळाची झाडं आणि खारा वारा. तासभर ती कार्डांचं नावही काढेना.

हिक्कडुवाच्या थोडं अलीकडे माझ्या शेजारच्या आजींनी माझ्या हाताला हात लावला आणि जमिनीच्या बाजूला बोट दाखवलं. उंच उभा बुद्ध. जागेचं नाव पेरलिया. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा कोलंबोहून निघालेली एक पॅसेंजर गाडी इथे उभी होती. पहिल्या लाटेनंतर गावातली माणसं जीव वाचवायला गाडीत चढली, गाडीच्या आडोशाला उभी राहिली. मग दुसरी, त्याहून मोठी लाट आली. दीड हजारांहून जास्त माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासातली सगळ्यात भीषण दुर्घटना मानतात ती. गाडी खचाखच भरलेली होती, कारण नाताळची सुट्टी होती आणि जोडून पोया. हीच, उंदुवप पोया. वीस वर्षं होत आली होती. आजींना फारसं इंग्लिश येत नव्हतं. त्या "सी... सी..." इतकंच म्हणाल्या आणि मग हात जोडले. आम्हीही जोडले.

गॉलचा किल्ला १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १६४० मध्ये डचांनी तो हिसकावला आणि आत्ताच्या भक्कम रूपाला आणला, १७९६ मध्ये इंग्रज आले. वसईच्या किल्ल्यात फिरताना आपण ओसाड चर्चांचे फोटो काढतो. गॉलच्या किल्ल्यात माणसं राहतात. शाळा आहे, कोर्ट आहे, मशीद आहे, दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत. १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत असूनही! २००४ च्या लाटेत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं, पण या डच तटांनी आतली वस्ती बऱ्यापैकी वाचवली. तटावरून क्रिकेटचं मैदान फुकटात दिसतं. २०१० मध्ये मुरलीधरनने आठशेवी विकेट तिथेच काढली. कुणाची? आपल्या प्रज्ञान ओझाची. हे सांगणारा रिक्षावाला अजूनही खुशीत होता.

खरी गंमत, किंवा जे काही म्हणायचं ते, इथून पुढे सुरू झाली. मॅडमला पाणी हवं होतं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अगं, दोनशे देतेस? पाण्याची बाटली घ्यायचीय." मी दिले. अर्ध्या तासाने, "आइस्क्रीम घेऊ या का? म्हणजे तुला चालणार असेल तर." मग वॉशरूमसाठी सुट्टे. दर वेळी तिचा आवाज थोडा खाली. पेडलर स्ट्रीटवर एका दुकानात हातमागाची निळी-केशरी पर्स तिने उचलली, आतबाहेर बघितली, खांद्याला लावून आरशात पाहिलं आणि लेबलवरची किंमत वाचून परत ठेवून दिली. वर मला म्हणाली, "नाही गं, एवढी काही खास नाही."

हे वाक्य माझं आहे. शब्दासकट माझं! मॉलमध्ये, सेलमध्ये, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, मी ते किती वेळा म्हटलंय. तिच्या तोंडून ऐकताना विचित्र वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही.

जेवायला मी म्हटलं, तुला काय हवं ते मागव. मेन्यूत स्ट्रिंग हॉपर्स होते, म्हणजे आपल्या मालवणचे शिरवाळेच, फक्त गोड रसाऐवजी सोबत झणझणीत पोल सांबोळ, ओलं खोबरं आणि लाल मिरचीचं. शिवाय खेकडा होता, ज्यासाठी शीटमध्ये अख्खा एक रकाना राखून ठेवलेला. मॅडमचं बोट उजवीकडच्या आकड्यांवरून खाली सरकलं आणि व्हेज कोत्तूवर थांबलं. "मला फारशी भूक नाहीये."

मी काही बोलले नाही. खेकडा मागवला असता तर रविवारी विमानतळापर्यंत चालत जावं लागलं असतं, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी तटावर बसलो. बिअरच्या जागी जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं सरबत, नाक झिणझिणवणारं. फ्लॅग रॉकवरून पोरं समुद्रात उड्या मारत होती. सूर्य गेला, मग दुसऱ्या बाजूने दीपस्तंभामागून तो मोठ्ठा चंद्र आला, ज्याच्यापायी बार बंद होते. मॅडम बराच वेळ बाटलीचं लेबल खरवडत होती. मग म्हणाली, "तू नेहमी असंच मागवतेस ना? सगळ्यात स्वस्त?"

"हो."

"मला वाटायचं तुला खरंच मिसळच आवडते."

"मिसळ आवडतेच गं."

"मग मी देते म्हणते तेव्हा राग येतो?"

विचार करावा लागला. राग नाही येत. ती मनापासून देते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण देणाऱ्याला बिल दिलं की विषय संपतो, घेणाऱ्याचा तिथून सुरू होतो. माझ्या मोबाइलमध्ये एक नोट आहे. त्यात तिने कधी, कुठे, किती दिले हे सगळं लिहिलेलं आहे, २०१९ पासून. ती मी तिला दाखवली. ती वाचत राहिली, स्क्रोल करत राहिली. "हे हॉस्पिटलचंही लिहिलंयस?" तिने विचारलं. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिने डिपॉझिट भरलं होतं. मी हो म्हटलं. त्यावर ती एकदम रडायलाच लागली, आणि मला कळेना की आता नेमकं कोणी कोणाला समजवायचं.

रविवारी शीटप्रमाणे स्टेशनवर गेलो, तर ती गाडी फक्त सोम ते शुक्र. समोरच्या बसस्टँडवरून हायवे बस मिळाली. सदर्न एक्स्प्रेसवेवरून दोन तासांच्या आत कोलंबोच्या वेशीवर, आणि तिकीट फक्त रोख. मॅडमने माझ्याकडून नोटा मोजून घेतल्या, स्वतः रांगेत उभी राहिली आणि उरलेले सुट्टे मोजून परत दिले. विमानतळावर पोचलो, तेव्हा पाकिटात अकराशे श्रीलंकन रुपये शिल्लक होते. त्याचा चहा प्यायलो. दोन चहा आणि मध्ये एक वडा.

सोमवारी अ‍ॅडमिनने रोमिंग चालू केलं. मॅडम तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होती. दुपारी माझ्या खात्यात पैसे आले, आठ हजार तीनशे एकोणचाळीस. सोबत हिशेबाची शीट, शेवटच्या वड्यासकट. राउंड फिगर नाही, 'ठेव गं' नाही. माझ्या नोटचं काय करायचं ते मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. ती म्हणते डिलीट कर, मी म्हणते फेडेन. हॉस्पिटलच्या ओळीवर तर चक्क भांडण झालं.

त्यानंतरच्या शनिवारी दादरला भेटलो. मिसळ खाल्ली. बिल आलं, तिने ते ओढलं, वाचलं आणि फोनवरून मान वर न करता म्हणाली, "तुझे एकशे चाळीस."

मी म्हटलं, "थांब जरा, मला पीयूषपण हवंय."