नंबर कशाला हवा?

परवा लेकीबरोबर ड्रेसचं कापड घ्यायला गेले. पैसे रोख दिले, तरी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, मोबाइल नंबर?" तिने मोठ्याने दहा आकडे सांगितले. मागे चार अनोळखी माणसं उभी! त्याच रात्री नको ते फोन सुरू झाले.

मैत्रिणींनो, नंबरासाठी दुकानांनी हट्ट धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच कळवलंय. कामापुरतीच माहिती घ्यावी, असं सांगणारा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षी झाला. अंमल मात्र टप्प्याटप्प्याने. पण काउंटरवरच्या पोराला हे सांगणार कोण? काल मीच म्हटलं, "नंबर नाही देणार, बिल कागदावर दे." कुरकुरला जरा, पण दिलं.