शिबिरं पुरेत, दवाखाना द्या

जगातल्या दर सहा माणसांमागे एक माणूस अपंग आहे. आकडा 130 कोटींच्या घरात जातो. त्यांतली काही माणसं इतरांच्या तब्बल वीस वर्षांपर्यंत आधी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच डिसेंबर 2022 च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. मधुमेह, पक्षाघात, दमा, नैराश्य या नेहमीच्या आजारांचा धोका त्यांना दुप्पट असतो. यांतला बराचसा फरक मूळ अपंगत्वामुळे पडत नाही, हेही तो अहवाल सांगतो. म्हणजे जी माणसं वाचू शकली असती ती मरतात, कारण त्यांना उपचार मिळत नाहीत. याला दुर्दैव म्हणायला मी तयार नाही.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार 2006 साली झाला. इतरांना मिळतात तेच उपचार, त्याच दर्जाचे आणि रुग्णाच्या स्वतःच्या संमतीनं, असं त्याचं कलम 25 स्पष्ट शब्दांत सांगतं. मजकुरात खोट काढायला जागा नाही. गाडं अडतं ते अंमलबजावणीत. संयुक्त राष्ट्रांच्याच 2000 सालच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत अपंगांचा उल्लेखही नव्हता. 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तो आला. शिक्षणात आला, रोजगारात, विषमतेत, शहरांत, आकडेवारीत आला. आरोग्याचं उद्दिष्ट तिसरं. त्यात 'अपंग' हा शब्द नाही. जगभरच्या सरकारांची हीच रीत आहे. अपंग माणूस समाजकल्याण खात्याकडे सोपवायचा आणि आरोग्य खात्यानं हात झटकायचे. मग त्याच्या मृत्यूचा जाब कुणाला विचारायचा?

ब्रिटनचंच बघा. जुलै 2018 मध्ये पहिली जागतिक अपंगत्व शिखर परिषद लंडनमध्ये भरली. गरीब देशांतल्या अपंगांसाठी काय करणार, याची आश्वासनं तिथे गोळा केली गेली. त्याच ब्रिटनवर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं अपंगांच्या हक्कांच्या गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघनाचा ठपका ठेवला होता, कारण होतं कल्याणकारी मदतीतली कपात. परिषदेला दोन वर्षं होत नाहीत तोच कोविड आला. जानेवारी ते नोव्हेंबर 2020 या काळात इंग्लंडमध्ये कोविडनं जे मेले, त्यांतले दर दहांत जवळपास सहा जण अपंग होते. काही बौद्धिक अपंग रुग्णांच्या कागदांवर तर त्यांना किंवा घरच्यांना न विचारताच 'हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये' असा शेरा मारलेला होता. यजमान देशाची ही करणी आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये याच देशानं परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. आणि एप्रिलमध्ये बर्लिनला तिसरी परिषद भरून विकासकामांतल्या किमान 15 टक्के कार्यक्रमांत अपंगांचा समावेश हे उद्दिष्ट असेल, अशी घोषणा झाली. पैसा आटत असताना केलेल्या या घोषणेवर मी विश्वास का ठेवावा?

अमेरिकेबद्दल फार लिहायला नको. युद्धात जायबंदी झालेले 89 वर्षांचे माजी सिनेटर बॉब डोल 2012 साली व्हीलचेअरवरून सिनेटमध्ये येऊन बसले, तरी हा अपंग हक्क करार बाजूनं 61 आणि विरोधात 38 मतं पडूनही नामंजूर झाला, कारण दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. तो आजही मंजूर झालेला नाही.

एवढं होऊन आमच्यापर्यंत पोहोचतं काय, तर शिबिर. मांडव, पाहुणे, रांगेत मांडलेल्या व्हीलचेअर, फोटो. मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, तिची किंमत मला कुणी शिकवू नये. पण मणक्याला इजा झालेला माणूस बेडसोर चिघळून किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानं जातो आणि त्यावर लक्ष ठेवायला वर्षभर परिचारिका लागते, डॉक्टर लागतो. दवाखान्यात माझं वजन कुणी करत नाही, कारण काट्यावर उभं राहावं लागतं. औषधाची मात्रा अंदाजानं ठरते. तपासणीचं टेबल छातीइतकं उंच, म्हणून पुष्कळदा खुर्चीतच वरवर तपासून मला परत पाठवतात. डॉक्टर सोबतच्या माणसाकडे बघून विचारतात, "यांना काय होतंय?" मी समोर बसलेली असते. मला बोलता येतं.

आणि आरोग्ययंत्रणेचं लक्ष कधी गेलं, तर ते कसं गेलं? 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्यात शस्त्रक्रिया करून काढल्या. कारण दिलं पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचं. संमती त्या मुलींची नव्हती. अशा सक्तीच्या नसबंदीविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेनं संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह निवेदन काढलं ते 2014 मध्ये. वीस वर्षांनी!

आपल्या देशात तर अपंग नीट मोजलेही जात नाहीत. जगात 16 टक्के, आपल्या 2011 च्या जनगणनेत 2.21 टक्के. भारतीय माणूस जगाहून इतका धडधाकट असेल, हे कोण मानेल? तरीही सहाव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून अपंगत्वाचे प्रश्न काढून टाकले. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी खाट नाही, औषध नाही, तरतूद नाही.

मला आणखी परिषद नको. अपंगांच्या अकाली मृत्यूचा हिशेब आरोग्यमंत्र्यानं दरवर्षी द्यावा, आणि जो देश तो देणार नाही त्याला परिषदेत आश्वासनं द्यायला उभं करू नये. इथे तर कायदाही आपल्या बाजूला आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 25 म्हणतं की सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाच्या प्रत्येक भागात अपंग माणसाला अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि उपचारात त्याला प्राधान्य मिळालं पाहिजे. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात खाली-वर होणारं तपासणी टेबल आहे का, बसून वजन करायचा काटा आहे का, मूकबधिर रुग्णासाठी खुणांची भाषा जाणणारा कुणी आहे का, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर ते समाजकल्याण खात्याकडे नेऊ नका. थेट आरोग्य खात्याच्या टेबलावर ठेवा.