रिकामी इमारत आणि बाजारातील बातम्या

तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावरचे मोठे सुपरमार्केट बंद पडले, की शटरला कुलूप लागते त्याच दिवसापासून गावात एक चर्चा सुरू होते आणि ती वर्ष-दोन वर्षे संपत नाही. प्रवचन सुटल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर, सौदे आटोपल्यावर मार्केट यार्डात, लग्नाच्या पंगतीत, सर्वत्र प्रश्न एकच असतो : आता इथे कोण येणार? डी-मार्टची माणसे टेप घेऊन मोजमाप करून गेली, असे कोणी सांगते. रुग्णालय होणार, असे दुसरा म्हणतो. सराफीची मोठी पेढी येत असल्याचे कोणाच्या तरी मेहुण्याने अगदी खात्रीच्या माणसाकडून ऐकलेले असते. इमारतीपुढे खडीचा एक ट्रॅक्टर उभा राहिला, तरी संध्याकाळपर्यंत तिथे मंगल कार्यालय होणार हे ठरून जाते.

चर्चा करण्यास पैसे पडत नाहीत, हे खरे. तथापि या चर्चेवर विसंबून जे व्यवहार होतात त्यांना पैसे पडतात, आणि ते बहुधा लहान माणसाचे असतात. समोरच्या ओळीतील गाळ्यांचे मालक अनामत वाढवून मागू लागतात. मोठे दुकान आले की गर्दी वाढेल, या भरवशावर एखादा तरुण पाच वर्षांचा करार करतो आणि कर्ज काढून फर्निचर उभारतो. उलट, वडिलोपार्जित किराणा दुकान चालवणारा गृहस्थ त्याच बातमीने धास्तावून माल भरणे कमी करतो. फळ्या रिकाम्या दिसू लागल्या की नेहमीचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. मोठ्या दुकानाने जे नुकसान कदाचित केलेही नसते, ते नुसत्या बातमीने होऊन बसते. बंद पडलेल्या दुकानातील बिलिंगच्या काउंटरवर बसणाऱ्या मुली तर ‘दिवाळीपर्यंत नवे सुरू होणार’ या आशेवर हाती आलेले दुसरे काम नाकारतात. त्यांना ही आशा दाखवणाऱ्यांपैकी कोणीही त्यांचा बुडालेला पगार भरून देणार नसतो.

अशा इमारती रिकाम्या का होतात, हे आठवून पाहिले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. सुभिक्षा ही चेन्नईत १९९७ साली सुरू झालेली साखळी. पुढील दहा-बारा वर्षांत तिची देशभर सुमारे १६०० दुकाने झाली आणि २००९ च्या प्रारंभी ती जवळजवळ एकाच वेळी बंद पडली. कर्मचाऱ्यांचे पगार, पुरवठादारांची बिले आणि जागांची भाडी, सारे थकले होते. दुकाने ओस पडल्यामुळे ती बंद पडली, असे मात्र म्हणता येत नाही. उसन्या पैशावर शाखा वाढत गेल्या आणि रोजच्या व्यवहाराला लागणारी रोकड आटली.

बिग बझारचे प्रकरण अधिक बोलके आहे. २००१ साली सुरू झालेल्या या दुकानांच्या मालक समूहाने ऑगस्ट २०२० मध्ये आपला किरकोळ विक्रीचा व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सकडे सोपवण्याचे जाहीर केले. त्यास अॅमेझॉनने हरकत घेतली. वाद सिंगापूरच्या लवादापासून दिल्लीच्या न्यायालयांपर्यंत गेला आणि दरम्यान दुकानांची भाडी थकत गेली. तेव्हा अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सच्या कंपन्यांनी मालकांशी स्वतःच्या नावे केले आणि त्याच जागा पोटभाड्याने जुन्या कंपनीला वापरू दिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही पोटभाडी संपुष्टात आणून जागांचा ताबा घेण्यास सुरुवात झाली. अशा दुकानांची संख्या नऊशेच्या घरात होती. पुढे पुष्कळ ठिकाणी ‘स्मार्ट बझार’ची पाटी लागली. एप्रिल २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी मूळ विक्रीचा प्रस्ताव फेटाळला, जुलैमध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

पाटी बदलली तेव्हा गावाला बातमी कळली. कागदावरचा भाडेकरू त्याच्या कितीतरी आधी बदलला होता. पायरीवर बसून शटरकडे पाहणाऱ्याला ते दिसणे शक्यच नव्हते.

आता इमारतीकडे येऊ. सुपरमार्केटची वास्तू बाहेरून भव्य दिसते, पण दुसऱ्या कामाला ती फार हट्टी असते. आत खोलच खोल एकसंध दालन असते. खिडक्या जवळजवळ नसतात, कारण भिंतींना फळ्या लावायच्या असतात. हवा व उजेड यंत्रावर अवलंबून. मालाच्या गाड्यांसाठी मागे वेगळे दार आणि विजेचा मंजूर भार मोठा. तो भार कमी करून घेतला नाही, तर दिवा न लावताही त्यावरचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो. रुग्णालयाला खोल्या, खिडक्या, उतार, मोठी उद्वाहने आणि वेगळ्या परवानग्या हव्यात. लहान गाळे पाडावेत, तर रस्त्याकडचे पाच-सहा लगेच जातात आणि मागच्या बाजूचे अंधारात पडून राहतात. शिवाय प्रसाधनगृहे आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग नव्याने काढावे लागतात. म्हणून अशा जागेत पुन्हा किराणा-कपड्यांचे मोठे दुकान, फर्निचर किंवा विद्युत उपकरणांचे दालन येणे हेच त्यातल्या त्यात संभवनीय असते. चर्चेत हा अंदाज मागे पडतो, कारण त्यात ऐकणाऱ्याला काही गंमत वाटत नाही.

डी-मार्टचे नाव प्रत्येक गावी निघते, त्याविषयीही थोडे. पवईत २००२ साली पहिले दुकान काढणाऱ्या या कंपनीची रीत मुख्यतः जागा स्वतःच्या मालकीची करून किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेऊन दुकान चालवण्याची आहे. तेव्हा दुसऱ्याच्या रिकाम्या इमारतीत ती दरमहा भाड्याने येणार, या बातमीवर विश्वास ठेवण्यापूर्वी निदान खरेदीखताची काही चाहूल आहे का, एवढे तरी पाहावे.

मग मालक जागा रिकामी ठेवतोच का? गावाचे उत्तर सोपे असते : ‘हाव सुटली आहे.’ हे पूर्ण खरे नाही. एक हिशेब मांडून पाहावा. समजा, जागा १०,००० चौरस फुटांची आहे आणि जुने भाडे चौरस फुटाला ४० रुपये, म्हणजे दरमहा ४ लाख होते. त्याच दराचा मोठा भाडेकरू मिळावा म्हणून मालक १८ महिने थांबला, तर पाच वर्षांतील उरलेल्या ४२ महिन्यांत त्याला १६८ लाख मिळतील. तोच मालक तीन महिन्यांत ३० रुपये दराने जागा देता, तर ५७ महिन्यांचे १७१ लाख हाती येते. राखणदाराचा पगार, विजेचा स्थिर आकार आणि व्याज यांत धरलेच नाही. म्हणजे थांबण्यात तोटा आहे, आणि हे मालकालाही कळते.

परंतु पुष्कळदा इमारत भाड्याच्या उत्पन्नावर घेतलेल्या कर्जातून उभी असते. तिचे मूल्य भाड्यावरून काढले जाते. वार्षिक भाडे ४८ लाख आणि परताव्याचा दर आठ टक्के धरला, तर मूल्य ६ कोटी होते. भाडे ३६ लाख केले, की त्याच भिंतींचे मूल्य साडेचार कोटी. रिकाम्या जागेचे मूल्य कागदावर काही काळ सहा कोटीच दिसत राहते. कमी भाड्याचा करार नोंदवला, की दीड कोटींची घट सर्वांना दिसते आणि तारण अपुरे पडण्याची चिन्हे दिसू लागतात. म्हणून मालक थांबतो. हप्ता मात्र थांबत नाही. तो ९० दिवसांपेक्षा अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि इमारतीच्या भवितव्याचा निर्णय मालकाच्या हाती राहत नाही.

मोठ्या नावाच्या भाडेकरूवर भिस्त ठेवणाऱ्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. करार पंधरा वर्षांचा असतो, पण भाडेकरूला सोडून जाता येणार नाही असा बांधीव काळ त्यात अनेकदा तीनच वर्षांचा असतो. असे भाडे तीन वर्षांचेच समजून कर्ज घ्यावे. भाडेकरूच्या बाजूनेही पाहिले, तर एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण नाही. दोघांमध्ये जे काही आहे ते करारपत्रातील शब्दांत आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अनर्थदंडविरती व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मौखर्य म्हणजे निष्कारण वाचाळपणा आणि असमीक्ष्याधिकरण म्हणजे प्रयोजनाचा विचार न करता काम ओढवून घेणे, ही दोन शेजारीशेजारी येतात. बाजारातही ती एकामागून एकच येतात : एकाची वाचाळता, दुसऱ्याचा अविचारी करार. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत अपध्यानाची, म्हणजे दुसऱ्याचे अनिष्ट चिंतण्याची, गणना आहे. सुपरमार्केट बंद पडले म्हणून पेढे वाटावेसे वाटणाऱ्या व्यापारी बंधूंनी तेथे क्षणभर थांबावे. व्यवहाराच्या दृष्टीनेही त्या आनंदाला फारसा आधार नाही. मोठ्या दुकानाचे गिऱ्हाईक सगळेच शेजारच्या पेढीवर येत नाही. काही शेजारच्या शहरात जाते, काही मोबाइलवरून माल मागवते; आणि त्या दुकानामुळे या रस्त्यावर येणारी माणसे औषधाच्या दुकानात, वडापावच्या गाड्यावर, रिक्षाच्या थांब्यावरही दिसेनाशी होतात.

ज्याला खरोखरच निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी पाहण्याची ठिकाणे आहेत. भाडेकरार नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी झाली, की दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक २ मध्ये ती दिसते, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही शोध घेता येतो. इमारत गहाण आहे काय, हे केंद्रीय तारण नोंदवहीत थोडे शुल्क भरून पाहता येते. बँकेने ताबा घेतला असेल, तर ताब्याची नोटीस सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत यावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. आतील पानावरची ती बारीक अक्षरांतील नोटीस सहसा कोणी वाचत नाही. बोलणी चालू असताना यांपैकी कशातच काही दिसणार नाही, हे मान्य. पण तोवर समोरच्या गाळ्याची वाढीव अनामत भरण्याचेही कारण नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या समाजातील गृहउद्योग चालवणाऱ्या भगिनींसाठी. नवे दुकान खरेच सुरू झाले, की त्यांचा खरेदी अधिकारी पापड, खाकरा, मेतकूट, कांदा-लसूणविरहित मसाले यांसाठी गावातील महिलांना विचारू लागतो. मागणी मोठी असते, उधारीही मोठी असते आणि न खपलेला माल परत घेण्याची अट असते. कंपनी बुडाली तर पैसे वाटण्याचा क्रम दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये ठरलेला आहे. कार्यवाहीचा खर्च, मग कामगार व तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय कर्जे, सरकारी देणी. साध्या पुरवठादाराची पाळी त्यानंतर येते. तिच्या मागे केवळ भागधारक उरतात. म्हणून संरक्षण आधीच घ्यायचे असते. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर आहे. ते न पाळल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही, त्यामुळे हिशेबनीस कंपन्या हल्ली याकडे लक्ष देतात. मात्र हा लाभ उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला आहे, दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही. आणि मालाच्या पोचपावतीवर तारीख व शिक्का हवा. उद्यम नोंदणीस शुल्क नाही, आधार व पॅन यांच्या आधारे ती घरबसल्या होते. त्या इमारतीवर पाटी कोणाची लागते, याची वाट न पाहता ती या महिन्यातच करून ठेवता येईल.