नक्की कोणी केलं?

आमच्या लाइनमध्ये प्रॉडक्शनवर काही फुटलं की अर्ध्या तासात कॉल लागतो. पहिला प्रश्न ठरलेला, "नक्की कोणी केलं?" काय झालं, किती लोक अडकलेत, हे सगळं नंतर. नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न ऐकतोय, आणि गेल्या महिन्यात मी स्वतःच तो विचारला. लीड होऊन जेमतेम चार महिने झालेत हो माझे! त्यावर येतोच, पण आधी एक जुना किस्सा.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅबमधल्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवायची होती. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवलीही, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला होता. (चुकीच्या विंडोत एंटर दाबलेल्या मंडळींना पोटात कसा खड्डा पडतो ते सांगायला नको.) मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप व्हर्जन न जुळल्यामुळे फेलच होत होता. तसं कळवणाऱ्या मेलसुद्धा वाटेतच नाकारल्या जात होत्या, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. शेवटी तारलं ते सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

आता गंमत बघा. दुरुस्ती चालू असताना त्यांनी आपल्या नोंदी सगळ्या जगाला उघड्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही केलं. नंतरच्या अहवालात कधी काय केलं ते सगळं आहे, फक्त त्या इंजिनिअरचं नाव नाही. आणि बॅकअप नियमित तपासले का जात नव्हते, या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला फार आवडतं: ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आपल्याकडे जबाबदारी ही घटना घडून गेल्यावर कोणाच्या तरी गळ्यात मारायची वस्तू आहे. ती आधी, सगळं सुरळीत असताना, नाव घेऊन ठरवायची असते हे कोणाच्या गावीही नसतं. "नाव घ्यायचं नाही म्हणजे सगळ्यांना मोकळं रान" असं आमचे एक मॅनेजर म्हणतात. मला नाही पटत. चूक मिनिटामिनिटाने लिहून काढणं याला मोकळं रान कसं म्हणणार?

असो. आता माझं. टीममधल्या एका नवीन मुलाच्या स्क्रिप्टने क्लायंटच्या काही ऑर्डर्स दोनदा गेल्या. कॉलवर मी म्हणालो, "नवीन मुलगा आहे, त्याच्याकडून चूक झाली." खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त ती स्क्रिप्ट आदल्या रात्री अकरा वाजता, दोन मिनिटं वरवर बघून, मीच मंजूर केली होती, एवढं सांगायचं राहिलं.

पोरगा त्या कॉलवर होता. एक अक्षर बोलला नाही. पण पूर्वी तो अर्धवट शंका घेऊन माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहायचा, "अरे, हे जरा बघतोस का?" म्हणायचा. आता त्याची मेल येते, स्क्रीनशॉटसकट, सीसीमध्ये मॅनेजर. हळूहळू बाकीचेही तसंच करायला लागलेत. काम होतंय, डेडलाइनही पाळल्या जातायत. फक्त काही बिघडत असेल तर ते मला सगळ्यात शेवटी कळतं. मी तरी त्यांच्या जागी वेगळं काय केलं असतं?

क्लायंटला एक मेल लिहून ठेवली आहे, चारच ओळींची. स्क्रिप्ट मी तपासली होती, मंजुरी माझी होती, आणि यापुढे अशा स्क्रिप्ट्सच्या तपासणीसाठी माझं नाव धरा. सीसीमध्ये तो मुलगा आणि मॅनेजर. शनिवार सकाळपासून ती ड्राफ्टमध्येच पडून आहे. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे, आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं.